सोमवार, गुरुवार आणि फाट्याच्या वाटेवरचा चर

मोसंबीचा वैताग येतो असं आमच्या भागात मोठ्यानं म्हणायची सोय नाही. अंबड तालुक्यातलं आमचं गाव, आणि गावात दर चौथ्या घराची मोसंबीची बाग. इथं माणूस आजारी पडलं की बघायला येणारा पिशवीभर मोसंबी घेऊन येतो आणि समोर बसून रस प्यायला लावतो. माझ्या आजाराला मोसंबी चालत नाही. नारळपाणी चालत नाही. साधं पाणीसुद्धा मोजून प्यावं लागतं. पण हे गावाला माहीत नव्हतं, कारण मी सांगितलंच नव्हतं.

ती माझी चूक. लॉकडाऊनच्या दिवसांत ती माझ्या जिवावर बेतली. डायलिसिसच्या वॉर्डात कुणी नवीन बाई घाबरून बसलेली दिसली की सिस्टर तिला माझ्याकडे पाठवतात, "या मंदाताईंशी बोला" म्हणून. दर वेळी तेच तेच बोलण्यापेक्षा एकदा लिहून ठेवावं म्हटलं.

कळलं तो दिवस

आमची पिठाची गिरणी आहे. आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, गिरणी चालवतात, मी दळणाचे डबे घ्यायची, त्यांवर नावाच्या पाट्या लावायची, कुणाचं ज्वारीचं आणि कुणाचं गव्हाचं हे लक्षात ठेवायची. त्या हिवाळ्यात सकाळी उठलं की तोंड सुजलेलं असायचं, आणि संध्याकाळी पायात चप्पल जाईना. मी सगळं खापर पिठाच्या धुरळ्यावर फोडत होते. शेवटी जालन्याला गेलो. डॉक्टरांनी कागद पाहिले आणि दोन्ही किडन्या काम करत नाहीत असं सांगितलं. आठवड्यातून दोनदा मशीनवर रक्त साफ करावं लागेल, सोमवारी आणि गुरुवारी.

मी विचारलं, "किती दिवस?"

ते म्हणाले, "किडनी बदलेपर्यंत. नाही बदलली, तर कायमचं."

मग त्यांनी काय खायचं नाही याची यादी वाचली. पहिलंच नाव मोसंबीचं. मालक प्रत्येक ओळीला मान हलवत होते. दवाखान्याबाहेर पडलो, तसे ते थेट समोरच्या गाड्यावर गेले आणि दोन किलो मोसंबी घेऊन आले. आजारी माणूस सोबत आहे म्हटल्यावर हात आपोआपच तिकडे गेला असणार.

"अहो, आत्ता काय सांगितलं डॉक्टरांनी?"

त्यांनी पिशवीकडे पाहिलं आणि तिथंच पायरीवर बसून रडायला लागले. बावीस वर्षांच्या संसारात मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मला रडू नाही आलं, राग आला. कुणाचा ते आजही सांगता येणार नाही. पिशवी मी रिक्षावाल्याला देऊन टाकली.

घरी येताना एसटीत मी ठरवून टाकलं की कुणाला काही सांगायचं नाही. आमची आरती तेव्हा एकोणीस वर्षांची, जालन्यात वसतिगृहावर राहून शिकत होती. आज ना उद्या तिच्यासाठी स्थळं येणार. आईच्या किडन्या गेल्या, पोरीलाही तेच असणार, अशी चर्चा एकदा सुरू झाली की थांबवता येत नाही. ही गोष्ट मला नीट माहीत होती, कारण दुसऱ्यांच्या पोरींबद्दलची अशी चर्चा मी गिरणीत बसून ऐकली होती, आणि खरं सांगायचं तर तीत भरही घातली होती.

मालकांना पटलं नव्हतं, पण ते गप्प बसले. आरती मात्र भांडली. "माझ्या नावावर खोटं बोलू नको," म्हणाली. मी ऐकलं नाही.

डाव्या हातातली घरघर

मशीनसाठी डाव्या हातातली शीर धमनीला जोडून मोठी करतात. त्यावर बोट ठेवलं की आत सारखी घरघर लागते. गिरणी चालू असताना भिंतीला तळहात लावला की जसं जाणवतं, अगदी तसंच. सुरुवातीला भीती वाटायची. पुढं सवय झाली, इतकी की सकाळी उठल्याबरोबर आधी ती घरघर तपासायची आणि मग तोंड धुवायचं. घरघर चालू म्हणजे आपलं चालू.

त्या हातानं वजन उचलायचं नसतं. डबे उचलेना म्हणून लोक विचारू लागले, तर मी सांधेदुखी सांगितली. जालन्याला सारखं का जाता म्हणून विचारलं, तर शुगर-बीपीची तपासणी सांगितली. तोंड उतरलं कशानं, तर अशक्तपणानं. आणि अशक्तपणा म्हटला की पुन्हा मोसंबी. उन्हाळा लागला तरी मी लांब बाह्यांचे ब्लाऊज घालून फिरत होते.

वॉर्डात मात्र लपवण्यासारखं काही नव्हतं. माझ्या शेजारच्या खाटेवर कांचनबाई असायच्या. जालन्यातलं कापडाच्या व्यापारातलं मारवाडी घर, वय पासष्टच्या पुढं, मशीनवर येऊन किती वर्षं झाली ते त्यांनी मोजणं सोडून दिलं होतं. पहिल्या दिवशी माझे डोळे भरलेले बघून त्या म्हणाल्या, "बाई, रोना है तो पहिल्या घंट्यात रडून घे. बाकीचे तीन घंटे आपुन बोलू."

मी खरंच तासभर रडले. उरलेल्या तीन तासांत त्यांनी मला तहान मारायच्या सात युक्त्या सांगितल्या. त्यातल्या चार कामाच्या निघाल्या.

बंद

लॉकडाऊन लागला आणि एसटी बंद झाली. मशीनला मात्र सुट्टी नव्हती. पहिल्या दोन-तीन वेळा मालकांनी मोटारसायकलवर नेलं. येताना मला गरगरायचं, म्हणून ते दुपट्ट्यानं मला स्वतःच्या पाठीशी बांधून घ्यायचे. वाटेत नाक्यावर पोलीस अडवायचे. मी फाईल दाखवून खणखणीत सांगायची, "डायलिसिसला चालले." अनोळखी पोलिसांना सांगताना जीभ अडखळत नव्हती, आणि भिंतीला भिंत लागून असलेल्या शेजारणीला सांगायला मात्र तोंड उघडत नव्हतं.

मग सलीमभाई भेटले. फाट्याजवळच्या वस्तीवर राहतात, बागांतली मोसंबी टेम्पोनं जालन्याच्या बाजारात नेतात. त्यांच्याकडे गाडीचा पास होता. सोमवारी-गुरुवारी पहाटे मला घेऊन जायचं म्हटल्यावर त्यांना खरं सांगणं भागच होतं. ते म्हणाले, "भाभी, मी कोणाला बोलत न्हाई. पर तुमी बोला. एवढी मोठी बात एकटीनं उचलून कुठवर नेता?"

मी विषय बदलला.

माझं हसू आलं तर येऊ द्या, पण त्या दिवसांतलं माझं सगळ्यात मोठं सुख मोसंबीनंच दिलं. टेम्पोत मागं क्रेट भरलेले आणि मी पुढं घसा कोरडा पडून बसलेली. एकदा सलीमभाईंनी एक मोसंबी माझ्या हातात दिली. "खाऊ नका. नखानं साल खरवडा आन् वास घ्या." मी साल खरवडली. तोंडाला असं पाणी सुटलं की पंधरा मिनिटं तहान विसरले! त्या दिवसापासून मी वॉर्डात दर वेळी दोन-तीन मोसंबी नेऊ लागले. डोळे मिटून साली हुंगत पडलेले आम्ही चार पेशंट बघून सिस्टर हसायच्या. कांचनबाईंनी ही आठवी युक्ती म्हणून जाहीर केली.

घरी आरती आली होती, कॉलेज बंद म्हणून. सरकारनं अंतर ठेवायला सांगितलं, तेव्हा तिनं गिरणीपुढं रांगेसाठी गोल आखले, पण चुन्याचे नुसते गोल नाहीत. रांगोळीनं, आणि रोज प्रत्येक गोलात नवीन काहीतरी. कधी कमळ, कधी मोर, एकदा तर तोंडाला मास्क लावलेली मांजर. बायका दळण घेऊन लवकर यायला लागल्या, आवडीचा गोल मिळावा म्हणून. मांजरीच्या गोलावरून दोघींचं कडाक्याचं भांडणही झालं. मी ओट्यावर खुर्ची टाकून बघत बसायची. घरातून बाहेर निघायची बंदी होती, तरी डबा हातात असला की बाईमाणसाला पाऊण तास मोकळा मिळायचा. एरवी माहेरी जाऊनही मिळत नाही तेवढी मोकळीक त्या गोलात उभं राहून मिळते, असं एक नवी नवरी मला म्हणाली होती.

घरात येऊन बसता येत नाही म्हणून लोक गिरणीच्या खिडकीत मोसंबी ठेवून जायचे. नाव न सांगता. आरती त्या गोळा करून वॉर्डासाठी दोन ठेवायची आणि बाकीच्या शाळेत विलगीकरणाला ठेवलेल्या लोकांना पाठवायची.

चर

एका बुधवारी शेजारच्या गावात कोरोनाचा पेशंट निघाला. आमचं गाव घाबरलं. दुपारी जेसीबी आणून फाट्याकडं जाणाऱ्या वाटेवर माणूसभर रुंद आणि कमरेइतका खोल चर खणला, आणि त्याच्या पलीकडं बाभळीच्या काट्या टाकल्या. कोणी बाहेर जायचं नाही, कोणी आत यायचं नाही. जो जाईल त्याला चौदा दिवस गावात घेणार नाही.

गुरुवारी सकाळी मी आणि मालक चरापाशी पोचलो. पलीकडं लांबवर सलीमभाईंचा टेम्पो उभा होता. चरापाशी पहाऱ्याला यांचे चुलत भाऊ, भास्कर भाऊजी. गावच्या कमिटीत तेच पुढं असतात.

"वहिनी, कुठं निघाल्या?"

"जालन्याला. तपासणी आहे."

"तपासणी मंग पुढच्या हफ्त्यात करा. जालन्यात लई पेशंट होऊन राह्यले. तिथलं काई घेऊन आल्या तं गावाचं काय?" आवाज खाली करून पुढं म्हणाले, "तुमच्याच जिवासाठी बोलून राह्यलो. बीपी-शुगरला एवढं काई होत न्हाई."

मालकांनी तोंड उघडलं. मी त्यांचा हात दाबला. भाऊजींच्या सोबत गावातले आणखी चार-पाच जण उभे होते. मला वाटलं, आज बोलले तर दुपारपर्यंत घराघरात जाईल. एक दिवस चुकला तर काय होतं? सोमवारी बघू. मी वळले आणि परत आले.

चर त्यांनी खणला होता. पण त्या सकाळी मला अडवलं ते मीच.

शुक्रवारी पाय खांबासारखे झाले. शनिवारी सकाळी आडवं होता येईना. बसून श्वास घ्यायचा तरी छातीवर गव्हाचं पोतं ठेवल्यासारखं व्हायचं. मालकांनी मला पाठीमागून धरून ठेवलं होतं आणि फोनवर सलीमभाईंना बोलवत होते. ते चराच्या पलीकडं येऊन थांबले, पण अलीकडून मला तिथं कसं न्यायचं? मला खरोखर वाटलं की आता संपलं. त्या वेळी मनात काही मोठे विचार आले नाहीत. आरतीच्या बांगड्यांचा जोड कपाटात कुठं ठेवलाय ते तिला सांगायचं राहिलं, एवढंच आलं.

गिरणी बंद होती आणि बाहेर बायकांची रांग लागलेली. ज्वारीचं पीठ फार दिवस टिकत नाही, कडू होतं, त्यामुळं आठवड्याच्या आठवड्याला दळण आणावंच लागतं. "काऊन बंद ठेवली गं?" असा गलका चालला होता. आरती माझ्याजवळून उठली. मी मानेनं नको म्हणाले. तिनं माझ्याकडं बघितलं आणि बाहेर गेली.

गिरणीच्या पायरीवर उभी राहून ती जे बोलली ते मला आतपर्यंत ऐकू आलं.

"गिरणी आज बंद राहील. माझ्या आईच्या दोन्ही किडन्या गेल्या. सोमवारी-गुरुवारी जालन्यात मशीनवर रक्त साफ करावं लागतं. परवाचा गुरुवार चुकला. आता तिला श्वास घेता येऊन न्हाई राह्यला. माझं लग्न मोडू नये म्हणून तिनं तुमाला सांगितलं न्हाई. मला असलं लग्न नको. मला आई पाह्यजे."

मला लाज वाटली आणि तेवढ्याच जोरानं सुटल्यासारखंही वाटलं. दोन्ही एकदम.

त्यानंतर अंगणात गडबड झाली. डबे तसेच गोलांत राहिले आणि बायका पळाल्या. कुणी फळ्या आणायला, कुणी भास्कर भाऊजींना बोलवायला. भाऊजी आले ते अनवाणी. माझ्याकडं एकदाच बघितलं आणि मग बघायचं टाळलं. प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी मला उचललं. तोंडाला गमछे बांधलेले, खुर्चीच्या पुढच्या उजव्या पायाला भाऊजी. चरावर आमच्याच गिरणीच्या लाकडी फळ्या टाकल्या होत्या. पलीकडच्या काट्या काढताना भाऊजींचे हात रक्ताळले, पण ते थांबले नाहीत. सलीमभाईंनी टेम्पोत गादी अंथरून ठेवली होती.

"जल्दी करा," एवढंच ते बोलले, आणि नेहमी रमतगमत चालणारा तो टेम्पो त्यांनी असा पळवला की मालकांनी रस्ताभर डोळे उघडले नाहीत.

शनिवार माझा वार नव्हता. चारही मशीनवर माणसं लावायची वेळ झालेली. जालन्यातल्याच मस्तगडचे एक म्हातारे चाचा बाही वर करून खाटेवर बसले होते, सुई टोचायची तेवढी बाकी होती. त्यांनी मला बघितलं आणि उठले.

"पहले इनको लगाओ. मैं बाहर बैठता."

सिस्टर म्हणाल्या, "चाचा, तुमचा नंबर मग चार तासांनी लागेल."

"लगने दो. मेरा सांस चल रहा."

त्यांना मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. चार तास ते बाकावर बसून राहिले. माझा श्वास मोकळा झाला तेव्हा दारातून डोकावून त्यांनी हात वर केला आणि माझ्याच खाटेवर येऊन पडले. चादर तेवढी बदलली होती.

संध्याकाळ व्हायच्या आत गावाशी पोचलो. चौदा दिवस बाहेर ठेवतील म्हणून मालकांनी अंथरूण सोबत घेतलं होतं. चर निम्मा बुजवलेला होता. हातात फावडं घेऊन भाऊजी उभे.

"वहिनी, आधी सांगायचं होतं."

"चुकलं माझं."

"माझंबी. इचारलं न्हाई मी." ते पुन्हा माती ओढायला लागले.

नंतर

सगळं गोड झालं असं नाही. दोन घरांनी आरतीचं नाव आपल्या मुलासाठी काढलं होतं, त्यातल्या एकांनी निरोपही न देता ते सोडून दिलं. मला चार दिवस जेवण गेलं नाही. आरती म्हणाली, "बरं झालं. लग्नानंतर कळलं असतं तं?" तिचं खरं होतं, तरी मला वाईट वाटायचं ते वाटलंच.

आणि मदतीचाही जाच असतो, हे कुणी सांगत नाही. मोसंबी एका दिवसात बंद झाली आणि तिच्या जागी आख्ख्या गावाची नजर आली. मी पाण्याचा पेला हातात घेतला की रांगेतून आवाज यायचा, "मंदाताई, आज किती घोट झाले?" बिनमिठाची भाकरी-भाजी कुठल्या घरून कोणत्या वारी यायची हे बायकांनी आपसात ठरवून टाकलं, मला न विचारता. एकीची भाजी इतकी बेचव असायची की मला मशीनचा वार बरा वाटायचा. मी चिडायची, आणि संपवायची. लांब बाह्यांचे ब्लाऊज आरतीनं पायपुसण्याला घेतले. शेजारची लहान लेकरं माझ्या हातावर बोट ठेवून घरघर ऐकायला यायची, आणि मी त्यांना माझ्या हातात छोटी गिरणी आहे असं सांगायची.

सोमवारी-गुरुवारी पहाटे मला टेम्पोपर्यंत सोडायला चराच्या जागी कुणी ना कुणी उभं असायचं. लॉकडाऊन उठेपर्यंत माझा पुढचा एकही वार चुकला नाही. आजही मी मशीनवर आहे. कांचनबाईही आहेत. किडनीसाठी नाव नोंदवलंय. येईल तेव्हा येईल.

मागच्या गुरुवारी मंठ्याकडची एक तरुण सून नवीन आली. डावा हात पदराखाली झाकलेला. सासरी अशक्तपणा म्हणून सांगितलंय, म्हणाली. पहिला तास मी तिला रडू दिलं. मग माझी सगळी हकिकत सांगितली. ऐकून झाल्यावर तिनं तेच विचारलं जे मी कधीकाळी रोज स्वतःला विचारत होते.

"पर ताई, सांगितल्यावर लोक काय म्हनले?"

ते मी स्वतः ऐकलं नव्हतं, मला आरतीनं सांगितलं. पायरीवरून तिचं बोलणं संपलं तेव्हा गोलांत बारा बायका उभ्या होत्या. आजाराचं नाव एकीनंही पुन्हा विचारलं नाही. कुणाला लागण होते का, पोरीला होईल का, हेही नाही. हातातले डबे खाली ठेवत त्यांनी एवढंच विचारलं होतं, "आत्ता निघायचं का?"